चाल कोण नेतंय, साथ कोण देतंय: गाण्याचा पोत कानानं ओळखायला शिकण्याची पद्धत

गाणं आवडलं की आपण म्हणतो, "चाल छान आहे." नाही आवडलं तरी दोष चालीलाच. पण तीच चाल देवळातल्या भजनात ऐका, वरातीच्या बँडवर ऐका आणि मग ऑर्केस्ट्रात ऐका. सूर तेच, क्रमही तोच, तरी तिन्ही ठिकाणी गाणं वेगळंच लागतं. चालीच्या आजूबाजूला काय वाजतंय आणि त्या वाजण्याचं चालीशी नातं काय, हे तिन्हीकडे निरनिराळं असतं. या नात्यांची जी वीण तयार होते तिला पोत म्हणायचं.

संगीताच्या क्लासमध्ये एक तयार वाक्य कानावर येतं: आपलं संगीत मेलडीचं, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या सुरांचं, पाश्चात्त्यांचं हार्मनीचं, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांचं. परीक्षेत दोन मार्क मिळवायला ते पुरतं. ऐकायला बसल्यावर मात्र अडचण करतं, कारण आपल्या गाण्यात चालीशिवाय ऐकण्यासारखं काही नाही, असा त्यातून समज होतो. सांगली-मिरजेच्या माणसानं तरी तो करून घेऊ नये. मिरजेतल्या दर्ग्याजवळच्या सतारमेकरांच्या गल्लीत लोक पिढ्यानपिढ्या तंबोरे घडवतायत, आणि तंबोरा हे वाद्य चाल वाजवतच नाही. ते फक्त पोत पुरवतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते या कारागिरीसाठी.

सामान फार लागत नाही. हेडफोन, कागद-पेन्सिल, आणि पेटी किंवा साधा कीबोर्ड. तंबोरा नसेल तर मोबाइलवरचं तंबोऱ्याचं ॲप चालेल. सुरुवातीला तोंडपाठ असलेलं एखादं भजन किंवा भावगीत घ्या. पन्नास व्हायोलिनचं सिनेमागीत पहिल्याच दिवशी घेऊ नका, कान गोंधळून जातो.

पहिलं काम: सा शोधा

गाणं ऐकताना मध्येच बंद करा आणि जो सूर "घरी आलो" असं वाटायला लावतो तो गुणगुणा. बहुतेक चालींमध्ये धृपदाच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीच्या, शेवटी तो सापडतो. आता पेटीवर त्याची पट्टी शोधा. खात्री करायची तर त्याचा पंचम (प) वाजवा, म्हणजे सा सोडून वर सातवी पट्टी, काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून. सा आणि प दोन्ही धरून ठेवून गाणं पुन्हा लावा. सा बरोबर असेल तर दोन्ही सूर गाण्याखाली निवांत बसतात. चुकला असेल तर दोन ओळींतच खटकायला लागतं. काही चाली मात्र मध्यमावर (म) किंवा पंचमावर इतक्या रेंगाळतात की तोच सा वाटतो. तिथं एका ओळीवर निर्णय देऊ नका, अंतरा संपेपर्यंत थांबा.

दुसरं काम: चालीची रेघ काढा

नोटेशन येत नसलं तरी बिघडत नाही. कागदावर डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रेघेनं काढा. सूर चढला की रेघ वर, उतरला की खाली, थांबला की आडवी. एका गाण्याच्या सगळ्या ओळी एकाखाली एक काढल्या की तीन गोष्टी समोर येतात. चाल एकेका सुरानं चालते की उड्या घेते? एकूण पल्ला किती? आणि कुठला तुकडा पुन्हा पुन्हा येतो?

पल्ल्याकडे नीट पाहा. सगळ्यांनी मिळून म्हणायच्या आरतीची चाल साधारण पाच-सहा सुरांत फिरते, कारण शेजारच्या काकांना आणि शाळेतल्या पोराला एकाच पट्टीत म्हणता आली पाहिजे. नाट्यपदाचा अंतरा बिनदिक्कत तार, म्हणजे वरच्या, सप्तकात जातो, कारण तो एका कसलेल्या गळ्यासाठी बांधलेला असतो. रेघेवरून गाणं कुणासाठी बांधलंय हेही ओळखता येतं.

उडीची जागाही खूण करून ठेवा. बहुतेक वेळा मोठी उडी महत्त्वाच्या शब्दावर असते आणि तिच्यानंतर चाल उलट दिशेनं पायरी-पायरीनं उतरते. हे आपल्याकडे होतं तसं तिकडेही होतं. गळ्याची ती सोय आहे.

तिसरं काम: मुक्काम कुठं आहे ते बघा

इथं घाई करू नका. चाल म्हणजे निव्वळ सुरांची यादी नसते, हे ज्याला एकदा कानानं पटलं त्याचं अर्धं शिक्षण झालं. त्यासाठी भूप आणि देशकार या दोन रागांइतकं चांगलं उदाहरण नाही. दोघांचे सूर एकच: सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही, सगळे सूर शुद्ध. पेटीवर पट्ट्या त्याच पाच. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आणि देशकार सकाळचा. भूपाचा वादी, म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचा सूर, गंधार (ग), देशकाराचा धैवत (ध).

हे असं म्हणून बघा, सावकाश (ऽ म्हणजे आधीचा सूर लांबवायचा, सां म्हणजे वरचा सा):

ग ऽ रे सा, सा रे ग ऽ, प ग ऽ, ध प ग ऽ रे सा

हा भूप. प्रत्येक तुकडा गंधाराला टेकून जातो. आता हे:

ध ऽ प, ग प ध ऽ प, सां ऽ ध ऽ प, ग प ध प, ग रे सा

हा देशकार. वजन वर सरकलं, सप्तकाचा वरचा भाग जागा झाला, रिषभ नुसता वाटेत येऊन गेला. आता मुद्दाम दुसरी ओळ म्हणता म्हणता गंधारावर चार मात्रा (ठोके) थांबा. देशकार तिथंच मोडतो आणि भूप डोकावतो. सूर एकही बदलला नाही, थांबायची जागा बदलली.

मिरजेत कार्यालय असलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसलेल्यांना वादी-संवादी, म्हणजे रागातले पहिल्या आणि दुसऱ्या महत्त्वाचे सूर, तोंडपाठ असतात. पण ते पाठ असणं निराळं आणि स्वतःच्या आवडत्या भावगीतात तो सूर शोधणं निराळं. तुमच्या कागदावरच्या रेघेत आडव्या भागांवर गोल करा. सगळ्यांत जास्त गोल ज्या सुरावर पडले तो त्या चालीचा मुक्काम.

चालीत कालही असतो, हे थोडक्यात. सा रे ग प हे चार सूर आधी सारख्या लांबीनं म्हणा, मग पहिला लांब आणि बाकीचे तीन आखूड. दुसऱ्या वेळी ऐकणाऱ्याला ती वेगळी चाल वाटेल. म्हणून रेघ काढताना लांबीही जपा.

चौथं काम: चालीखाली काय वाजतंय ते ऐका

इथून पोत सुरू होतो, आणि सुरुवात तंबोऱ्यापासून करायची. चार तारा: पहिली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमात, मधल्या दोन मध्य षड्जात (सा), त्यांना जोड म्हणतात, आणि चौथी खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. कारागीर घोडीचा (तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा) माथा घासून जवारी, म्हणजे तारेचा झणकार, काढतो आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती बरोबर जागी आणतो. त्या दोऱ्याच्या केसभर हालचालीनं आवाज बंद होतो किंवा खुलतो. दुकानात तंबोरा घ्यायला गेलात तर भोपळ्यावरची नक्षी नंतर बघा, आधी समोर दोरा सरकवायला सांगा आणि ऐका.

आता फक्त खर्जाची तार छेडा आणि ती विझेपर्यंत ऐका. ॲप असेल तर बाकीच्या तारा बंद करता येतात का बघा. पहिल्यांदा एकच सूर ऐकू येईल. पुन्हा छेडा आणि मनात पंचम धरून ऐका. तो सापडेल. मग गंधार धरून ऐका. तोही आहे, वरच्या सप्तकात, बारीक पण स्पष्ट. तो तारेतूनच येतो. खर्ज सेकंदाला १२० कंपनांचा धरला तर त्याच तारेत २४० म्हणजे मध्य सा, ३६० म्हणजे पंचम, ४८० म्हणजे तार सा आणि ६०० म्हणजे तार गंधार एकाच वेळी हलत असतात. जवारी हे वरचे सूर उजळ करते. एकट्या तारेत सा, ग, प तिन्ही असतील, तर "आपल्याकडे हार्मनी नाही" हे वाक्य किती जपून बोलावं ते ठरवा.

आता पेटीवर तोच गंधार वाजवून बघा. समजा पेटीचा सा तंतोतंत २४० आहे. तरी तिचा तार गंधार ६०० ला येत नाही, पावणेपाच कंपनांनी वर येतो, कारण पेटीच्या पट्ट्या सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या असतात. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे ऐकू येतात, सूर थरथरल्यासारखा. गाणारा गळा तंबोऱ्याचा गंधार धरतो, म्हणून चांगला पेटीवाला लांब गंधारावर बोट दाबून बसत नाही. तो हळूच उचलतो.

तंबोऱ्याची पहिली तार बदलली तर वरची चाल तीच राहूनही पोत बदलतो. मालकंसात पंचम नाही, म्हणून ती तार मध्यमात लावतात. ॲपवर हे करून बघा: आधी पंचमाच्या तंबोऱ्यावर गंधार लांबवा, मग मध्यमाच्या. दुसऱ्या वेळी बेसावध राहिलात तर कानाला मध्यमच सा वाटू लागतो. सा शोधताना काही गाणी का फसवतात त्याचं उत्तरही इथंच आहे.

असा सतत धरून ठेवलेला आधारसूर ही फक्त शास्त्रीय गाण्याची मिरास नाही. गोंधळ्याचं तुणतुणं घ्या, एक तार आणि एकच सूर. वारकऱ्यांच्या भजनातली वीणा घ्या. शाहिराच्या मागचे झीलकरी ओळीच्या शेवटी "जी जी जी" ओढतात तेव्हा तेही एक सूर धरून ठेवतात, म्हणजे शाहिराला श्वास घेता येतो आणि पट्टीही सुटत नाही.

पाचवं काम: प्रत्येक आवाजाला चार प्रश्न

गाणं पुन्हा लावा आणि त्यातल्या आवाजांची नुसती यादी करा. मग मुख्य चाल नेणारा आवाज बाजूला काढून उरलेल्या प्रत्येकाला विचारा: हा एकाच सुरावर उभा आहे का? हा चालीच्याच मागे जातोय का? हा चालीखाली सूर-समूह रचून टेकू देतोय का? की हा स्वतःची वेगळी चाल चालवतोय?

पहिल्याचं उत्तर तंबोऱ्यात आलंच.

दुसरा प्रकार आपल्याकडे सगळ्यांत श्रीमंत आहे आणि त्याकडेच दुर्लक्ष होतं. ख्याल गाणाऱ्याची पेटी किंवा सारंगी काय करते ते ऐका. गायकानं तुकडा घेतला की ती अर्ध्या पावलाच्या अंतरानं तोच तुकडा घेते, काही सूर गाळते, गायक थांबला की शेपूट पुरं करते. चाल एकच, पण दोघांच्या अंगानं किंचित वेगळी. याला हेटरोफनी म्हणतात. बालगंधर्वांच्या मागे कादरबक्षांची सारंगी होती आणि पायपेटीही (ऑर्गन) होती. सारंगी मींडेसकट, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, गळ्याच्या मागे जाऊ शकते. पायपेटीला मींड जमत नाही, ती सूर धरून ठेवते आणि पोकळी भरते. दोन साथीदार, दोन वेगळी नाती. जुन्या नाट्यपदांचं भरलेपण कुठून येतं त्याचा बराचसा उलगडा इथं होतो.

भजनी मंडळात पन्नास माणसं एकच ओळ म्हणतात ते कुठं बसवायचं? बायका वरच्या सप्तकात, पुरुष खालच्या, तरी कान त्याला एकच चाल मानतो. पुस्तकात ही मोनोफनी. प्रत्यक्षात कुणी आधी सुरू करतो, कुणी मध्येच हरकत (छोटी सुरावट) घेतो, कुणी शेवट लांबवतो, आणि पोत आपोआप हेटरोफनीकडे सरकतो. मला तरी भजनाची गोडी त्या ओघळण्यातच वाटते. सगळ्यांनी काटेकोर एकत्र म्हटलं तर ते शाळेतल्या प्रार्थनेसारखं होतं.

तिसरा प्रकार, टेकू देणारा, होमोफनीचा. चर्चमध्ये चार आवाजांत म्हटलेलं प्रार्थनागीत ऐका: सगळे आवाज तेच शब्द एकाच वेळी म्हणतात, वरचा आवाज चाल नेतो, खालचे तीन प्रत्येक शब्दाखाली कॉर्ड, म्हणजे तो सूर-समूह, रचतात. भावगीतातली गिटार किंवा कीबोर्ड हेच करतात.

चौथा प्रकार पॉलिफनी. दोन किंवा जास्त चाली, प्रत्येक स्वतंत्र, प्रत्येकीला स्वतःची रेघ. योहान सेबास्टियन बाख (१६८५-१७५०) यांची फ्यूग ही रचना या प्रकाराचा कळस समजतात. पण तिथपर्यंत जायची गरज नाही. जुन्या हिंदी-मराठी सिनेमागीतांत गायिका लांब सूर धरते तेव्हा मागे व्हायोलिनचा ताफा स्वतःची ओळ वाजवतो. तेवढी ओळ गुणगुणता आली आणि ती गाण्याच्या चालीहून वेगळी निघाली, की तुम्ही पॉलिफनी पकडली.

तबला, संबळ, ढोल यांना हे चार प्रश्न सरळ लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी निराळं बघा: ठेका धरून आहेत की चालीच्या वजनाला उत्तर देतायत? तबल्याचा दायाँ बहुधा सा मध्ये मिळवलेला असतो, म्हणजे तोही थोडासा तंबोरा असतोच.

सहावं काम: पोत कुठं बदलतो ते मिनिटावार लिहा

एकाच गाण्यात पोत एकच नसतो. कागदावर दर पंधरा सेकंदांची चौकट आखा आणि प्रत्येक चौकटीत वाजणारे थर लिहा. यासाठी गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं सोयीची आहेत, कारण एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचा ऐवज असतो. खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथं दरवर्षी संगीतसभा होते. या सभेला गेलात तर तोच कागद मनात धरून बसा. आलापात गळा, तंबोरा, पेटी. बंदिशीच्या मुखड्याला (सुरुवातीच्या तुकड्याला) तबला आला की खालचा थर एकदम जड होतो. गायक थांबून पेटीला चार मात्रा देतो तेव्हा चाल हातातून हातात जाते.

एक जागा फसवी आहे. तबलावादन स्वतंत्र चालू असतं तेव्हा पेटी किंवा सारंगी लेहरा वाजवते, एकच ओळ, पुन्हा पुन्हा. गुणगुणता येण्यासारखी चाल तिथं तीच, पण ती पाठीमागे आहे. पुढं तबला आहे. म्हणजे चाल नेणारा नेहमी पुढे असतोच असं नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी नाटक उभं केलं तेव्हाही पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्यावर अभिनय करायची. पात्रांनी स्वतःची पदं स्वतः गाण्याची रीत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांनी १८८० पासून रुजवली. रंगमंचावर पुढे कोण आणि चाल कोणाकडे, हे तेव्हापासून वेगवेगळे प्रश्न आहेत.

सातवं काम: स्वतः करून बघा

ऐकून जे महिनाभरात कळत नाही ते दोघांनी मिळून गायलं की एका संध्याकाळी कळतं. सोबतीला कुणीतरी घ्या. आठ-आठ मात्रांच्या दोन ओळी, सेकंदाला साधारण एक मात्रा:

पहिली: सा रे ग प | ग ऽ रे ऽ
दुसरी: ध ऽ प ऽ | सां ऽ ध प

आधी दोघांनी एकत्र म्हणा. ही मोनोफनी. मग एकानं सा लांब धरा, दुसऱ्यानं ओळी म्हणा: आधारसूर. मग एकानं सरळ म्हणा आणि दुसऱ्यानं त्याच ओळी थोड्या हरकती घेत, मागे-पुढे रेंगाळत म्हणा: हेटरोफनी. मग पेटीवर प्रत्येक ओळीखाली सा-ग-प एकत्र दाबून धरा: होमोफनीची पहिली पायरी. दुसऱ्या ओळीच्या धैवतावर हा कॉर्ड जरा टोचतो. तिथं ध-सा-ग दाबून बघा, लगेच मऊ पडतो.

शेवटी खरी गंमत. पहिल्यानं दोन्ही ओळी म्हणायला सुरुवात करायची, आणि तो दुसऱ्या ओळीवर पोचला की दुसऱ्यानं पहिल्या ओळीपासून निघायचं. दोघांनी तसंच फेऱ्या मारत राहायचं. चौथ्या मात्रेला दोघं पंचमावर भेटतात आणि लगेच फाकतात. एरवी दोघांत कुठं तिसऱ्याचं, कुठं चौथ्या-पाचव्या, कुठं सहाव्या सुराचं अंतर राहतं, शेजारच्या सुरांची टक्कर कुठंच होत नाही. स्वतःची ओळ सुटू लागली तर तिची रेघ समोर धरा. सुरुवातीला एक कान बोटानं बंद केला तरी चालेल. मग मात्र दोन्ही कान उघडे ठेवा, कारण दुसऱ्याची ओळ ऐकत स्वतःची टिकवणं हेच यातलं काम आहे.

एखाद्या जाणत्या गुरुजींना हे ऐकवलंत तर ते म्हणतील, पहिली ओळ भूपाकडे जाते आणि दुसरी देशकाराकडे, मग हा राग कुठला? प्रश्न रास्त आहे. एक आवाज गंधाराशी घोटाळत असताना दुसरा धैवतावर जोर देत असेल तर वादी कुठला ते ठरत नाही. राग थांबण्याच्या जागांवर उभा असतो, आणि दोन चाली एकाच वेळी चालल्या की त्या जागा वाटल्या जातात. रागसंगीतानं आधारसूर आणि पाठोपाठ जाणारी साथ एवढाच पोत का जोपासला, दुसरी स्वतंत्र चाल का जवळ केली नाही, याचं मला पटणारं कारण हे आहे. सिनेमासंगीताला रागाची शिस्त पाळायची नसते, म्हणून तिथं व्हायोलिनला मोकळं रान मिळतं.

फेऱ्या संपवायच्या असतील तर एकानं खूण करावी आणि दोघांनी पुढच्या पहिल्या मात्रेला मध्य सा वर थांबावं. एवढं जमलं की जागा बदला, म्हणजे आधी निघणारा मागे आणि मागचा पुढे. तिसरा माणूस मिळाला तर त्याच्या हाती तंबोरा द्या.